ठेंगणीचा माग

१० नोव्हेंबर

भावोजी,

नमनाला घडाभर तेल घालत नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं ते तुम्ही पाहून गेलातच. त्यानंतर उजव्या हाताने काही जोर धरलेला नाही. मांडीवर ठेवला की तिथेच राहतो, कुणी विसरून गेलेल्या पिशवीसारखा. बोलणं म्हणजे दोन-चार शब्द, तेही भलत्या जागी. चमच्याला किल्ली म्हणतात, उशीला टायर. चुकलं की लगेच दुरुस्त करा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. म्हणून मी दिवसभर "किल्ली नव्हे, चमचा", "टायर नव्हे, उशी" करत असते. आता नाव घ्यायच्या आधीच ते माझ्या तोंडाकडे बघतात. आयुष्यभर नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखलेला माणूस चमचा ओळखायला माझी परवानगी मागतो. मला ते बघवत नाही.

फोन करू नका, असं मुद्दाम सांगते. तुमचा आवाज ऐकला की ते दाराकडे बघत बसतात आणि तुम्ही आत येत नाही म्हणून ताट सरकवतात. पत्राचं तसं नाही. तुमचं मागचं पत्र मी तीनदा वाचून दाखवलं तरी चौथ्यांदा बोटाने खूण केली. तेव्हा पत्रच लिहा.

आता कामाचं. परवा ते एक शब्द बोलले आणि तो चुकला नाही. "ठेंगणी." मी म्हटलं, कोण ठेंगणी? मी का? तर हसले. अर्धं तोंड हसलं, पण हसले. मग डाव्या हाताने स्टिअरिंग फिरवून दाखवलं.

ती गाडी मी पाहिलेली नाही. आमच्या लग्नाआधीचं प्रकरण. हे तेव्हा ठेंगणीच्या मालकांकडे ड्रायव्हर. घाटाच्या शर्यतीच्या सकाळी मालकांचा मुलगा भीतीने ओकाऱ्या काढत बसला. त्याचं हेल्मेट अन् चष्मा चढवून हे गाडीत बसले आणि पहिले आले. कप मिळाला मालकांच्या मुलाला, फोटो छापून आला मालकांच्या मुलाचा. ही गोष्ट मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ऐकली. तुम्हाला म्हणून सांगते, तेव्हा मनात म्हटलं होतं, नव्या बायकोला नवरे असलं काहीतरी सांगतातच. कुणाला खरं वाटत नाही म्हटल्यावर हे म्हणायचे, गाडीला माहीत आहे, बास.

ती गाडी कुठे असेल? आहे की मोडीत गेली? तुम्ही गाड्यांतच असता, मेलेल्या का होईनात. एवढं बघा.

तुमची वहिनी

२४ नोव्हेंबर

दादा आणि वहिनी,

दादा, वहिनी नीट वाचते आहे ना? मधली वाक्यं गाळली तर खाकरून दाखव.

ठेंगणी शोधायला घेतो. कारखान्याने तसल्या मोजक्याच गाड्या केल्या आणि मग कारखानाच बसला, त्यामुळे ज्याच्याकडे ती आहे तो गप्प बसणाऱ्यातला नसणार. इतकी बुटकी गाडी, की आत बसलेल्याला रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा वरून बघायचं. तिच्यावर तू घाटातलं शेवटचं वळण घेतलंस ते मी तिथल्या दगडावर बसून पाहिलं आहे. मागचं चाक हवेत होतं. अजून डोळे मिटले की दिसतं.

तुझा बारक्या

(पाकिटातली दुसरी चिठ्ठी, फक्त वहिनीसाठी)

वहिनी, यापुढे पाकिटात दोन कागद असतील. मोठा दादाला वाचून दाखवायचा. छोटा तू एकटीने वाचायचा आणि चुलीत घालायचा.

खरं सांगायचं तर आशा ठेवू नकोस. मी विमा कंपन्यांचा सर्व्हेअर, माझा धंदाच गाड्यांच्या मृत्यूचे दाखले लिहिण्याचा. इतक्या वर्षांत भंगारवाल्याने काय ठेवलं असणार? पण दादा ऐकतो आहे तर चार पत्रं शोधाची लिहू. तेवढंच त्याचं मन रमेल. आणि थाप नाही ती. तो जिंकला, वहिनी. खात्रीने सांगू शकणारा मी एकटाच उरलो आहे.

१२ डिसेंबर

भावोजी,

काय पत्र लिहिलंत हो! कुत्र्यापाशी आले तेव्हा हे इतके हसले की ठसका लागला. आता रोज जेवणाआधी तेच पत्र. मला पाठ झालंय.

तुमच्यासाठी निरोप आहे. तो काढायला दोन दिवस लागले, कारण निम्मा खुणांनी. ठेंगणी सापडली तर ओळखायची कशी ते सांगतायत. एक, गिअरच्या मुठीवर अंगठ्यापाशी कानसेने पाडलेली खाच. घामाने मूठ सटकायची म्हणून ह्यांनी पाडली होती. दुसरं, क्लचच्या पेडलवर लाकडाचा ठोकळा. का, म्हणून विचारलं तर आपल्या पायाकडे बोट दाखवलं आणि मग रागाने माझ्याकडे बघितलं. पाय पुरत नव्हता, हे कबूल करायला पन्नास वर्षं लागली.

डॉक्टरीणबाईंनी वाचनाचा अभ्यास लावलाय. वर्तमानपत्राच्या मथळ्याखालून बोट फिरवतात, एका मथळ्याला चहा गार होतो. कळतं किती, देव जाणे. पण बोट ओळ सोडत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

आणि एक. कपाट आवरताना दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला तुमचा पहिला रिपोर्ट परत दिसला, तोच तो, ज्यात तुम्ही ह्यांच्याच गॅरेजच्या गिऱ्हाइकाचा विम्याचा दावा खोटा ठरवला होतात. गिऱ्हाईक कायमचं तुटलं, पण हे ज्याला त्याला बोलावून तो कागद दाखवायचे. म्हणायचे, बारक्याने सही केली म्हणजे विषय संपला. आणि तो दुसरा सर्व्हेअर, गिऱ्हाइकाने हात ओले केले की नवा रिपोर्ट द्यायचा, त्याला ह्यांनी गॅरेजची पायरी चढू दिली नाही. एका गाडीचे दोन रिपोर्ट देतो त्याचा एकही खरा नसतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कालही त्या कपाटासमोर खुर्ची न्यायला लावली. वाचत नव्हते, नुसता शिक्का बघत होते.

तुमची वहिनी

१९ जानेवारी

दादा आणि वहिनी,

दादा, नीट टेकून बस. सापडली.

मोठ्या दिवाणखान्यासारख्या गॅरेजात उभी आहे, खाली सतरंजी, वर चादर. रंग उडालेला, पण तोच. मी खाली वाकलो आणि सगळ्यात आधी क्लच बघितला. ठोकळा आहे, दादा. तुझ्या पायाच्या घासाने एका बाजूने झिजलेला. मग मुठीवर अंगठा ठेवला. माझा अंगठा त्या खाचेत बसत नाही, मोठा पडतो.

तुझा बारक्या

(दुसरी चिठ्ठी, फक्त वहिनीसाठी)

सापडली हे खरं, तिथे मी रडलो हेही खरं. बाकी सगळं अवघड आहे.

गाडी एका संग्राहकाची होती. ते गेले, आता त्यांची मुलगी विकते आहे. एरवी अशा गाडीला किंमत असतेच, पण हिला इतिहास आहे: घाट जिंकलेली गाडी, सोबत कप, मालकांच्या मुलाचा फोटो आणि सही. त्या इतिहासापायी किंमत अशी, की तुझं आणि माझं अशी दोन्ही घरं विकली तरी नुसते आरसे येतील. विनोद बघ, दादाने जिंकून दिलं म्हणून गाडी दादाला परवडत नाही.

मी तिथे पोचलो तोही गिऱ्हाईक म्हणून नाही. बाई सरळ आहे. म्हणाली, घेणाऱ्याला फसवायचं नाही, ही खरंच तीच गाडी आहे का ते कुणा जाणत्याकडून तपासून घ्यायचं आहे. जुन्या गाड्यांसाठी लोकांनी माझं नाव सांगितलं. तपासाचा रिपोर्ट मी द्यायचा आहे. दादाचं नाव काढलं नाही. चहा प्यालो आणि महिन्याभरात देतो म्हणालो.

वहिनी, दादाला हळूहळू सांग की मालकीण विकायला तयार नाही.

६ फेब्रुवारी

भावोजी,

ते मी सांगू शकले नाही. सांगणार कशी? तुमचं पत्र वाचलं त्या दिवसापासून घराचा कारखाना झालाय. अंगणातल्या कुंड्या हलवायला लावल्या. बुटक्या गाडीत बसता यायला हवं म्हणून रोज लाकडी पाटावर बसायचा सराव चालू आहे. मागच्या गल्लीतल्या सुताराची दोन माणसं धरतात, हे घामाघूम होतात, आणि बसले की डाव्या अंगठ्याने हवेतच ती खाच चाचपतात. परवा त्यांनी चमच्याला चमचा म्हटलं, माझ्याकडे न बघता.

आणि आता दुसरी बाजू. काल डॉक्टरीणबाई मला बाहेर घेऊन गेल्या. हृदय थकलंय म्हणाल्या, पायावर सूज आहे ती त्याचीच. उन्हाळा निघेल का विचारलं, तर त्यांनी नुसता माझा हात धरला.

मला गाडीतलं काही कळत नाही. घरं विकून आरसे घ्यायचे नाहीत, एवढं कळतं. पण त्यांना एकदा तिच्यात बसू द्यावं असं फार वाटतं, भावोजी. जगात एक गोष्ट त्यांची होती आणि तीच दुसऱ्याच्या नावावर लागली. एकदा अंगठा त्या खाचेत जाऊ दे, मग काय व्हायचं ते होवो. तुमच्या हातात काही असेल तर बघा. नसेल तर मी रागावणार नाही. सवय झालीय.

तुमची वहिनी

१५ मार्च

दादा आणि वहिनी,

दादा, पाटावरचा सराव सोडू नकोस. ठेंगणी निघाली. ट्रकवर बांधून येते आहे. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला दारात असेल. इंजिन बोलत नाही, पण तू तिच्याशी बोल. शेवटच्या वळणावर काय झालं ते तिला विचार.

तुझा बारक्या

(दुसरी चिठ्ठी, फक्त वहिनीसाठी. ही नक्की जाळ.)

कसं जमलं ते तुला सांगितलंच पाहिजे. मी रिपोर्ट दिला की ही ती गाडी नव्हे.

त्याच बनावटीची दुसरी, नंतर सुटे भाग जुळवून उभी केलेली. मुठीवरची खाच आणि पेडलवरचा ठोकळा शर्यतीच्या गोष्टीला पुष्टी मिळावी म्हणून कुणीतरी मागाहून मुद्दाम केलेले. असं लिहिलं, सही केली आणि शिक्का मारला. इतिहास गेला, किंमत कोसळली. बाई वाचून म्हणाली, बाबांना आयुष्यभर फसवलं कुणीतरी. आणि माझे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी दलालामार्फत तुझ्या माहेरच्या नावाने गाडी घेतली. माझ्याकडचं होतं ते त्यात गेलं. त्याचं काही नाही. बाईने आभार मानले ते मात्र घशाखाली उतरत नाही. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

मी येत नाही. गाडीबरोबर मी दिसलो आणि कुणी दोन आणि दोन चार केले तर ती दारातूनच परत जाईल. रिपोर्ट गाडीच्या कागदांबरोबर ठेवावाच लागतो, तो ट्रकवाल्याकडे खाकी पाकिटात असेल. तू स्वतः घे आणि कुलपात टाक. दादा मथळ्यापलीकडे जात नाही म्हणा. तरीही.

९ एप्रिल

भावोजी,

गाडी आली. हे पत्र मी तीन वेळा फाडलंय, तेव्हा आता जसं झालं तसं लिहिते.

ट्रक सकाळी आला. तुमची सूचना डोक्यात होती, पण ट्रक कोपऱ्यावर दिसताच हे खुर्चीतून उठायला लागले, म्हणून मी सुताराच्या माणसांना आणि फळ्यांना हाका मारायला मागच्या गल्लीत धावले. तेवढ्यात ट्रकवाल्याने पाकीट दिलं. चांगला माणूस तो. त्याने विचारलं, मालक कोण, आणि ह्यांनी डावा हात वर केला. मी परत आले तर ह्यांच्या मांडीवर कागद आणि त्यावर बोट फिरतंय. मला वाटलं ट्रकची पावती असेल. भावोजी, मला आनंद झाला. मी सुताराला हाक मारून दाखवलं, बघा, वाचतायत!

गाडी उतरवायला दुपार झाली. एकीकडे फळ्या सरकत होत्या, एकीकडे मी दोर धर, चाक सांभाळ म्हणून ओरडत होते, आणि ते बसून वाचत होते. बोट ओळ सोडत नाही, असं मीच तुम्हाला लिहिलं होतं.

मग चौघांनी धरून त्यांना आत बसवलं. काय दिसले, म्हणून सांगू. ती जागा त्यांच्याच मापाची होती. डावा पाय आपोआप गेला आणि ठोकळ्यावर टेकला. डावा हात गिअरवर गेला, अंगठ्याने एकदाही शोधाशोध केली नाही, थेट खाचेत बसला. मी उभ्या जागी रडायला लागले. इतकी वर्षं जी थाप समजले ती माझ्या डोळ्यांसमोर खरी झाली होती.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. चमच्याच्या वेळी बघतात तसं.

मी म्हटलं, "हो. ठेंगणी."

त्यांनी मान हलवली. सदऱ्यातून तो कागद काढला, पावती नव्हे, तुमचा रिपोर्ट, एका ओळीवर बोट ठेवलं, आणि अगदी स्वच्छ बोलले, वर्षभरात बोलले नसतील इतकं स्वच्छ.

"ठेंगणी नव्हे. बारक्या."

मी हातापाया पडले. म्हटलं, अहो, तुमचा अंगठा सांगतोय ना! त्यावर अंगठा खाचेतून काढला आणि सदऱ्याला पुसला. दुसऱ्याच्या वस्तूला हात लागल्यासारखा. मग बाहेर काढा, अशी खूण केली.

मी रिपोर्ट खोटा आहे म्हणून सांगितलं. त्यांनी मला दटावल्यासारखं बघितलं. तुमच्याबद्दल कुणी वावगं बोललं की बघायचे तसंच.

सगळ्यात वाईट ते संध्याकाळी झालं. मी सूज उतरायला पाय शेकत होते. म्हणाले, "शर्यत," आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मी म्हटलं, हो, तुम्ही जिंकलात, भावोजींनी पाहिलंय. मग त्यांनी स्वतःच स्वतःला दुरुस्त केलं.

"नव्हे."

इतके महिने मी त्यांना हेच शिकवलं, भावोजी. आपल्याला वाटतं ते खरं नाही, दुसरा सांगतो ते खरं. चांगले शिकले.

तुमची वहिनी

१८ एप्रिल

दादा,

यावेळी एकच कागद आहे. वहिनी, हा मोठ्याने वाच, एकही वाक्य गाळू नकोस.

दादा, मी खोटा रिपोर्ट लिहिला. तुझ्या अंगणात उभी आहे ती ठेंगणीच. तिच्यावर तू घाट जिंकलास, मी दगडावर बसून पाहिलं. तुझा अंगठा बरोबर आहे आणि माझी सही चूक आहे. गाडी स्वस्त पडावी म्हणून मी एका भल्या बाईला फसवलं आणि ते करताना तुझीच शर्यत पुसली. आयुष्यात एकच रिपोर्ट खोटा लिहिला, तो नेमका तुझ्याविरुद्ध. तुला वाचून दाखवायची पत्रं मी इतकी जपून लिहिली, आणि वाचलास तू नेमका तो कागद. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तू मला शिकवलंस, दादा. गॅरेजच्या ग्रीसमध्ये हात काळे करून माझी फी भरलीस, आणि मी सही करायला लागलो तेव्हा तो कागद कपाटाला चिकटवलास. माझ्या शिक्क्यावर तू स्वतःपेक्षा जास्त विश्वास ठेवशील हे मला कळायला हवं होतं. नाही कळलं.

मी दुसरा रिपोर्ट तयार करतो आहे. त्यात खरं ते असेल, त्यावरही शिक्का असेल. तो बाईलाही जाईल. मग गाडी परत द्यावी लागेल, माझं लायसन्स जाईल, आणखीही काय काय होईल. होऊ दे. तू एकदा तिच्यात बस आणि अंगठा जिथे होता तिथे ठेव.

बारक्या

४ मे

भावोजी,

पत्र वाचलं. एकही वाक्य गाळलं नाही. मध्ये माझा आवाज गेला तर ते थांबले, पाणी पी अशी खूण केली, मग पुढे. दुसऱ्यांदाही वाचायला लावलं. मला वाटलं, आता समजलं.

मग त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "बारक्या चांगला. मन राखतो."

त्यांच्या म्हातारपणाची कीव येऊन तुम्ही आता गोड खोटं लिहिताय, असं त्यांच्या मनाने घेतलंय. मी चिडले, बोलले, नको ते बोलले. त्यांनी शांतपणे एका हातात तुमचं पत्र घेतलं, खाली ठेवलं, रिपोर्ट घेतला आणि शिक्क्यावर बोट ठेवलं. पत्रावर शिक्का नाही. पत्रात माणूस काहीही लिहितो.

मी म्हटलं, भावोजी दुसरा रिपोर्ट पाठवतायत, शिक्क्याचा. तेव्हा मात्र चेहरा पडला. अर्ध्या तोंडाचा चेहरा पडतो तेव्हा कसा दिसतो ते तुम्ही पाहिलं नाहीत, पाहूही नका. म्हणाले, "दोन?" परत म्हणाले, "दोन? मग एकही नाही."

त्यांचंच वाक्य, आठवतं ना? मीच तुम्हाला लिहिलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी ती नव्हे म्हणून आलं नव्हतं, शर्यत पुसली म्हणून आलं नव्हतं. तुम्ही दोन रिपोर्ट द्याल, ह्या नुसत्या कल्पनेने आलं. मी घाबरून म्हटलं, नाही हो, माझीच ऐकण्यात चूक झाली, एकच आहे. तेव्हा कुठे श्वास नीट लागला.

म्हणून हात जोडून सांगते, तो दुसरा कागद पाठवू नका. त्यांच्याकडे गाडी राहिली नाही, शर्यत राहिली नाही. तुमचा खरेपणा तेवढा उरलाय, तो मी त्यांच्या हातून काढून घेऊ देणार नाही. त्या बाईंचं देणं आपण फेडू. हे असेपर्यंत गाडी इथे राहील, नंतर ती आणि खरा कागद दोन्ही त्यांच्या दारात. मी स्वतः येईन बरोबर. नंतर म्हणजे कधी, ते लिहवत नाही. सूज गुडघ्याच्या वर आलीय.

गाडीवर चादर घातलीय. तिकडे बघत नाहीत. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला ठेवल्यासारखं कधी कधी मला खुणेने विचारतात, झाकलीस ना, पाऊस येईल.

एक निरोप आहे. काल सकाळपासून "शोध, शोध" चाललं होतं. मला वाटलं चष्मा हवाय. तर तुमच्या पत्राकडे बोट. तुम्ही खऱ्या ठेंगणीचा शोध थांबवू नका, असं म्हणणं आहे. पुढच्या पत्राची वाट बघतायत. दोन कागद पाठवू नका, एकच पुरे. आता त्यांच्यापासून लपवायचं काही उरलं नाही, आणि मला वेगळं सांगायचंही.

तुमची वहिनी

१२ मे

दादा,

वहिनी नीट वाचते आहे ना? गाळलं तर खाकर.

तू म्हणतोस ते बरोबर, अंगणातली ती नव्हे. मीच रिपोर्ट लिहिलाय, मला विचार. ती परत द्यायची आहे तोवर झाकलेली राहू दे.

पण शोध थांबलेला नाही. परवा एक जुना टायरवाला भेटला. त्याने अशी एक बुटकी गाडी पाहिली आहे, फार लांब, एका बंद गोदामात. रंग तोच म्हणाला. आत डोकावला तेव्हा क्लचवर लाकडासारखं काहीतरी दिसलं म्हणाला. मुठीचं त्याला आठवत नाही, पण मी सांगितलंय, अंगठ्यापाशी बघ. तो परत जाणार आहे.

लगेच सापडेल असं नाही. तू पाटावर बसायचा सराव मोडू नकोस. घाई नाही, जमेल तेवढाच कर. बाकीचं मी बघतो.

तुझा बारक्या